धुरातलं बी

माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेकडच्या एका सप्लाय डेपोत होती. मी हवालदार. बंदूक चालवली ती ट्रेनिंगमध्ये आणि दरवर्षीच्या फायरिंगला. बाकी बावीस वर्षं पीठ, डाळ, तेल आणि केरोसीन. लोकांना वाटतं फौजी म्हणजे बॉर्डर. अरे बाबांनो, बॉर्डरवरच्यालाही सकाळी पराठा लागतो. त्याचं पीठ माझ्या स्टोअरमधून जायचं.

२०१४ च्या दिवाळीनंतर काही आठवड्यांनी मी पेन्शनवर घरी आलो. सकाळी सहाला डहाणू रोडला उतरलो, तिथून जीप, पुढे ट्रंक डोक्यावर घेऊन पायी. आमचा पाडा तलासरीच्या डोंगराकडचा, डहाणूच्या हद्दीला लागून. साडेदहाला पोचलो. दिसेल त्या घराला कुलूप, नाहीतर दाराला काटेरी फांदी.

दिवाळी झाली की लोक वीटभट्टीवर, मिठागरावर, वापीच्या कारखान्यांत जातात, हे मला ठाऊक होतं. लहानपणी आम्हीही गेलोय. पण तेव्हा मागे म्हातारी माणसं राहायची, कोंबड्या राहायच्या. या वेळी कोंबडीही नव्हती. चक्की गंजलेली. रेशन दुकानाची पक्की खोली रिकामी. पिंपळाखालचा आठवड्याचा बाजार दोन-तीन वर्षांपूर्वी मोडलेला. डोंगरउतारावर जिथे नागली, म्हणजे नाचणी, व्हायची, तिथे कमरेएवढं गवत. पावसाळ्यात लोक परत यायचे ते जेमतेम भात लावायला. नागलीला मेहनत फार, ती सोडून दिलेली. उरलेलं वर्ष तलासरीहून आणलेला तांदूळ, तोही संपला तर उपास.

सगळ्या पाड्यात एकच चूल पेटलेली दिसली. बारकी मावशीची. ती माझ्या आईची मैत्रीण, नवरा गेलेला, पोरी लग्न होऊन लांब. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आलास? आता कोणाला सलाम करशील? इथे मी आणि कुत्रा."

तिने नागलीची भाकरी दिली. घराशेजारच्या एवढ्याशा तुकड्यात ती दरवर्षी मूठभर नागली लावायची. सगळ्या पाड्यात नागलीचं बी तेवढंच उरलं होतं. चुलीच्या वर, धुरात, पळसाच्या पानांचं गाठोडं टांगलेलं. धुरामुळे कीड लागत नाही. आमच्याकडे बी असंच ठेवतात, घराघरात, आपापल्या चुलीवर.

मी विचार केला, मला एवढंच येतं. माणसांना खायला पोचवणं. मग आपल्याच माणसांना का नाही?

पुढच्या चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेला गेलो. भट्टीवरची माणसं जत्रेला हमखास येतात. तिथे जिवल्या भेटला. आम्ही एकत्र गुरं राखलेली. तो बायकोला, सोमीला घेऊन वापीजवळ एका कारखान्यात हमाली करायचा. मला पाहिलं आणि भर जत्रेत डाव्या हाताने कडक सॅल्यूट ठोकला. मी सुट्टीवर यायचो तेव्हापासून तो मला असाच चिडवायचा.

"उजवा हात, गाढवा," मी म्हटलं.

"उजव्यात भजी आहेत, साहेब."

मी म्हटलं, परत ये. तो म्हणाला, येऊन खाऊ काय, तुझी मेडलं? मी म्हटलं, एक पावसाळा दे मला. त्याने दिला.

पहिलं काम चक्की. लोक हसले. पिकाचा पत्ता नाही आणि फौजी चक्कीला तेल घालतोय! पण नागली दळायला तलासरीपर्यंत उतरावं लागलं तर कोण लावणार? मग मावशीच्या बियाची रोपं केली. उतारावरचं गवत काढलं. त्या वर्षी तीन घरांनी लावली. पुढच्या वर्षी आठ. बांधावर तूर, उडीद आला. २०१७ ला पिंपळाखाली बाजार पुन्हा भरला. डहाणूच्या किनाऱ्याकडून मासेवाल्या सुकट, बोंबील घेऊन यायच्या आणि नागली, तूर घेऊन जायच्या. मावशी त्यांच्यातल्या एकीशी अशी घासाघीस करायची की ऐकणाऱ्याला वाटावं आता केस ओढतील. बाजार उठला की दोघी एकाच पानाचा विडा खायच्या.

२०१८ च्या दिवाळीनंतर जिवल्याच्या घराला कुलूप लागलं नाही. अजून दहा घरांना लागलं नाही. बावीस वर्षांत मला जे मेडल मिळालं नाही ते हे.

आता माझी चूक सांगतो.

मला बी घराघरात ठेवलेलं सहन होत नव्हतं. कुणाच्या घरी उंदीर, कुणाच्या घरी पाहुणे आले की बियाचीच भाकरी. डेपोत असं चालत नाही. त्या दिवाळीच्या आधीच, नवं पीक निघताच, मी रेशन दुकानाची पक्की खोली साफ केली. पत्र्याचे डबे आणले, आत कडुनिंबाचा पाला. एक कुलूप, दोन किल्ल्या. एक माझ्याकडे, एक जिवल्याकडे. त्याला स्टोअरमन केलं. हुकूम काढला: सगळं बी स्टोअरमध्ये.

मावशी म्हणाली, "सगळं बी एका खोलीत ठेवू नये. धूर नाही लागला तर बी रुसतं."

"मावशी, हे सायंटिफिक आहे."

"असेल."

महिन्याभराने मी तिच्या घरी गेलो तर चुलीवर गाठोडं तसंच टांगलेलं. माझं डोकं फिरलं. दारात चार बायका बसल्या होत्या, त्यांच्यासमोर मी ते ओढून काढलं. ओरडलो. "डिसिप्लिन नाही म्हणून तुम्ही भट्टीवर मरता!" हे वाक्य मी बोललो. ज्या बाईने ते बी जगवलं, तिच्या घरात. आज लिहितानाही लाज वाटते.

मावशी खाली बघत म्हणाली, "बरं." मला वाटलं, ऐकलं. फौजेत माणूस गप्प बसला की हुकूम पोचला असं धरतात. पाड्यात माणूस गप्प बसला की त्याने तुमच्याशी बोलणं सोडलेलं असतं. पुन्हा कुणाच्या घरात गाठोडं दिसलं नाही. मी खूश.

त्याच २०१८ च्या नोव्हेंबरात जमीन हलायला लागली. डहाणू-तलासरीत सगळीकडे. आधी भांडी वाजायची, मग धक्का. रोजचं झालं. लोक घरात झोपेनात. शेतात प्लास्टिक बांधून, थंडीत, लेकरांना पोटाशी घेऊन पडायचे. मी पहाऱ्याच्या पाळ्या लावल्या, पाण्याची टाकी मोकळ्यावर आणली, चुली बाहेर काढल्या. चार घरं परत वापीकडे निघून गेली. मी अडवलं नाही. मीही थकलो होतो. माणसाला शत्रू दिसला पाहिजे. पायाखालची जमीन शत्रू झाली तर पोझिशन कुठे घेणार?

रोज एकदा स्टोअरची भिंत बघायचो. केसाएवढी चीर होती. म्हटलं, ताडपत्री आणू, डबे बाहेर हलवू, मग बघू. हे 'मग बघू' मी आठ दिवस म्हणत होतो. पुढच्या पावसाळ्याचं सगळं बी तिथे होतं, निदान माझ्या समजुतीप्रमाणे. ते गेलं तर पेरणी नाही, आणि पेरणी नाही तर उरलेली घरंही जाणार.

फेब्रुवारीत एका दुपारी मी ताडपत्र्या आणायला डहाणू रोडला गेलो होतो. दोन वाजून दहा मिनिटांनी दुकानाचं शटर खडखडलं. रस्त्यावर माणसं धावली. सव्वादोनला जिवल्याचा फोन.

"फौजी, मोठा बसला."

"माणसं?"

"सगळी शेतात. ठीक."

"स्टोअर?"

"मागची भिंत फाटली. स्लॅब एका बाजूने खाली आलाय."

"डबे?"

"आत."

मी तिथे नव्हतो. स्लॅब किती खाली आलाय ते मी पाहिलं नव्हतं. आमचे सुभेदार साहेब म्हणायचे, जो जागेवर नाही त्याने हुकूम देऊ नये, विचारावं. मी विचारलं नाही.

"डबे बाहेर काढ," मी म्हणालो. "पटकन."

मग तो हसला. "येस सर. डाव्या हाताने."

फोन कट झाला. दोन पंचवीसला पुन्हा लावला, वाजत राहिला. दोन तीसला उचलला तो बारकी मावशीने. ती फोनवर कधी बोलत नसे. एवढंच म्हणाली, "ये."

दुकानदाराच्या मोटरसायकलवरून थेट पाड्यात पोचलो तेव्हा चार वाजायला आले होते. त्याने दोन डबे बाहेर आणले होते. तिसऱ्यासाठी आत गेला तेव्हा दुसरा धक्का बसला. लोकांनी हातांनी विटा काढल्या. तो मातीत उताणा झोपवलेला होता, चेहऱ्याला काही झालं नव्हतं. सोमी लाकडं आणायला डोंगरावर गेली होती. धक्का जाणवला तशी मोळी टाकून उतरत होती. ती माझ्यानंतर पोचली.

मी प्रेतं पाहिली आहेत. हिमकडा कोसळून गेलेले जवान मी स्वतः ब्लँकेटमध्ये बांधलेत. इथे मला त्याच्या शर्टाचं बटण लावता येईना.

त्याचे दिवस झाले. बाहेर आणलेले दोन डबे मी उघडले. एकात तूर, एकात उडीद. नागली तिसऱ्यात होती. ती ढिगाऱ्याखाली फुटलेल्या पाइपाच्या पाण्यात भिजून सडली. मी पिंपळाखाली सगळ्यांना बोलावलं आणि सांगून टाकलं. हुकूम माझा होता. बी गेलं. ज्याला जायचं त्याने जावं, मी कुणाला थांबवणार नाही.

मग बारकी मावशी उठली. तिच्या ताडपत्रीखाली गेली आणि पळसाच्या पानांचं गाठोडं घेऊन आली. माझ्यासमोर ठेवलं. मग दुसरी बाई उठली, मग तिसरी. कुणी गोधडीतून काढलं, कुणी हंड्यातून. धुराने काळी पडलेली गाठोडी. मी ओरडलो त्याच दिवसापासून प्रत्येकीने थोडं बी मागे ठेवलं होतं. दिवसा लपवायचं, संध्याकाळी चूल पेटली की धुरात टांगायचं.

सोमीही उठली. तिचं गाठोडं सगळ्यांत मोठं होतं.

मी तिच्याकडे बघत राहिलो. "तुझ्याकडे होतं?"

"होतं."

"त्याला माहीत होतं?"

"नाही," ती म्हणाली. "मावशीच्या चुलीवर टांगायचे मी. तो तुझा स्टोअरमन. त्याला कळलं असतं तर तुला सांगितलं असतं. आणि तू ओरडला असतास, दादा."

तिचा आवाज चढला नव्हता. मी तिथेच मातीत बसलो आणि सगळ्यांसमोर रडलो.

त्या पावसाळ्यात सात घरांनी नागली लावली. अकराची सात झाली. धक्के हळूहळू कमी झाले, पूर्ण थांबले नाहीत. बाजार भरतो, पण पिंपळाच्या एकाच बाजूला मावतो. मासेवाल्या येतात. मी चक्की चालवतो. हुकूम देत नाही. कुणी विचारलं, फौजी, पेरणी कधी? तर म्हणतो, मावशीला विचार.

कणसरी म्हणजे आमची धान्याची माय. नवं धान्य तिला दाखवल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही. २०१९ ची नागली निघाली तेव्हा मावशीने तिच्यापुढे भाकरी ठेवली आणि शेजारी एक जास्तीची. मी अटेन्शनमध्ये उभा राहिलो. सॅल्यूट केला. डाव्या हाताने. बावीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता तो.

संध्याकाळी सोमी माझ्या घरी आली. हातात पळसाच्या पानांचं गाठोडं. मी एकटा राहतो, माझ्या चुलीवर काही टांगलेलं नसायचं. ती पाटावर चढली, वाशाला दोरी बांधली, ओढून पाहिली.

खाली उतरून म्हणाली, "ओरडणार नाहीस ना?"

"नाही," मी म्हणालो आणि चुलीत एक ओलं लाकूड सरकवलं.