रेवाचे दहापैकी दहा

बसा, चहा उकळेपर्यंत सांगतो. वही-पेन घेऊन, रेघा आखून, अगदी रोजच्या रोज माणूस किती व्यवस्थित मूर्खपणा करू शकतो, हे ऐकायचंय ना? मंग माझंच ऐका.

मी जाफराबादला बियाण्याच्या दुकानात कामाला. वीस वर्षं रोजनिशी लिहितो. पाऊस, एसटीची वेळ, म्हशीचं दूध, सगळं त्यात. दुकानात सोयाबीनची उगवण बघायची, तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि काही दिवसांनी कोंब मोजायचे. दाण्याला विचारत बसावं लागत नाही. हीच सवय नडली!

माझी लेक रेवा, एकोणीस वर्षांची. जन्मली तेव्हा मुलगा झाला म्हणून आम्ही पेढे वाटले होते. दोन वर्षांपूर्वी तिनं सांगितलं, मी मुलगी आहे, माझं नाव रेवा. घरात जे व्हायचं ते झालं, ते आज नको. शेवटी जालन्याच्या एका समुपदेशक मॅडमकडं नेलं. तिथं दर शनिवारी तिच्यासारखी पाच-सहा मुलं-मुली जमायची. मॅडम त्यांच्याकडून एक फॉर्म भरून घ्यायच्या, मन किती बरं आहे ते आकड्यांत मोजायला. झोप लागली का, कुणाशी मोकळं बोलता आलं का, उद्याचा दिवस उगवावा असं वाटलं का. मला म्हणाल्या, "काका, घरी जरा लक्ष ठेवा."

लक्ष? अहो, मी तर वहीत तक्ता आखला! रोज दहापैकी मार्क. भाकरी पूर्ण खाल्ली, दोन. रडली नाही, तीन. आवाज चढला नाही, तीन. शेजाऱ्यांनी काही विचारलं नाही, दोन. हो, शेजारी गप्प बसले तरी मार्क पोरीलाच! तेव्हा मला ते बिलकुल बराबर वाटलं होतं.

महिनाभरात उत्तर हाती आलं. शनिवार सोडून सगळे दिवस बरे. शनिवारी ही जालन्याहून यायची ती काजळ घालून, मान वर करून, आणि चप्पल काढायच्या आत भांडण सुरू. "पप्पा, पाहुण्यांपुढं रेवाच म्हणायचं!" "मम्मी, माझा ड्रेस ट्रंकेच्या तळाला कोंबला कुणी?" आवाज चढलेला, डोळ्यांत पाणी, शेजारी कुंपणाशी. दहापैकी शनिवारला दोन!

मंग काय, दुखणं सापडलं. शनिवार बंद!

"पप्पा, तेवढं एकच हाय मला," रेवा म्हणाली.

"तुझ्या भल्यासाठीच करून राह्यलो," म्हणत मी तिला तक्ता दाखवला. तक्ता!

तीन दिवस ती भांडली. मग थांबली. आणि मार्क चढायला लागले. सात. आठ. पुन्हा आठ. एके दिवशी चक्क दहा! मी लाल पेनानं गोल काढला.

"पोरगी सुधरून राह्यली," मी बायकोला म्हणालो.

"सुधरून? मुकी होऊन राह्यली. 'हूं'च्या पुढं शब्द न्हाई तिचा."

"तुला आकड्यातलं कळत न्हाई."

"आन् तुम्हाला पोरीतलं कळतं का?"

तिचं बोलणं मी लिहून घेतलं नाही. तक्त्यात बायकोला रकानाच नव्हता.

दोन महिन्यांनी मॅडमचा फोन आला, रेवाला एकदा घेऊन या. मी खुशीत निघालो. वही पिशवीत. म्हटलं, शाबासकी मिळणार, कदाचित दुसऱ्या आईबापांनाही हा तक्ता वाटतील!

रेवानं खिडकीशी बसून फॉर्म भरला. मॅडमनी तो माझ्या वहीशेजारी ठेवला. माझ्याकडं दहा. तिच्याकडं शून्य, शून्य, शून्य. उद्याचा दिवस उगवावा असं वाटलं का, या प्रश्नापुढं तिनं शून्यही लिहिलं नव्हतं. नुसती आडवी रेघ.

मॅडम हळूच म्हणाल्या, "काका, हे दहा नक्की कुणाचे?"

"अहो, भाकरी तरी पूर्ण खाल्लीय हिनं!"

"म्हशीला घालत होते मी," रेवा म्हणाली.

आणि त्याच वहीत, मागच्या पानावर, म्हशीचं दूध वाढल्याची माझ्याच हातची नोंद होती!

"मंग शनिवारी एवढी रडायची, भांडायची कशाला गं?"

"तवा वाटायचं, भांडलं तर तुम्ही ऐकाल." ती बाहेर बघत होती. "आता न्हाई वाटत."

मी वही पिशवीत घातली.

पुढच्या शनिवारी मीच तिला जालन्याला नेलं. येताना गप्प. त्याच्या पुढच्या शनिवारी गप्प. तिसऱ्यालाही गप्पच. मला वाटलं, गेली. माझ्या हातानं घालवली. तो महिना कसा काढला, माझं मला माहीत. वहीत पावसाशिवाय एक अक्षर लिहिलं नाही.

पाचव्या शनिवारी परतीच्या जीपमध्ये मी सहज म्हणालो, "ए, पिशवी दे इकडं."

"ए काय? नाव न्हाई का मला?"

झालं! राजूरला सुरू झाली, ती टेंभुर्णी आली तरी चालूच. ड्रेस काढला, पाहुणे काढले, बंद केलेले शनिवार एकेक करून काढले. "तुमच्यासारखा ढ माणूस अख्ख्या तालुक्यात न्हाई, पप्पा!" सगळी जीप कान देऊन ऐकत होती. पाणी तिच्याही डोळ्यांत, माझ्याही.

शेजारच्या म्हाताऱ्या बाबांनी मला कोपरानं ढोसलं. "लेक लई तापट हाय हो तुमची! बापाला असं बोलू देत्यात व्हय?"

"बोलू द्या, बाबा," मी म्हणालो. "आन् ड्रायव्हरला सांगा, जीप जरा हळू घे म्हणावं."