गोळीनंतरचा होकार

झोपेच्या तक्रारीसाठी ज्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी कागदावरून मान वर केली ती फक्त माझं वय विचारताना. "त्रेपन्न? या वयात होतं असं," म्हणाले आणि गोळी लिहून दिली. रात्री घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं. झोप कधीपासून गेली, कशामुळे गेली, हे विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. दोन वर्षांपासून, भावामुळे. पण बाहेर बाकांवर अर्धी डोंबिवली नंबर लावून बसलेली. तिथे माझ्या भावाचं रामायण कोण ऐकणार?

कळव्याला माझ्या वडिलांची एक खोली आहे. ते गेल्यापासून आई तिथे एकटी राहते. भावाला ती खोली विकायची आहे आणि त्यासाठी हक्कसोडपत्रावर आईची आणि माझी सही हवी. आमच्याकडे बहिणीनं भावाला हक्कसोड करून द्यायचं असतं. तेही हसतमुखानं, आणि वर त्यानं दिलेली साडी नेसून पेढे वाटायचे. मी म्हटलं, आई आहे तोवर सही नाही. ती गेल्यावर खुशाल घे, मला त्यातली वीटसुद्धा नको. आईला भावाकडे कल्याणला जायचं नव्हतं. तिथे तिला हॉलमधल्या दिवाणावर झोपावं लागतं आणि पाहुणे आले की तो रिकामा करावा लागतो. पण मुलाला नाही म्हणायला तिची जीभ रेटत नाही. म्हणून नाही म्हणायचं काम माझ्याकडे. "तू आहेस म्हणून मी इथे आहे," असं ती मला स्पष्ट म्हणाली होती.

दोन वर्षं मी ते काम केलं. मामांचे फोन झाले, काकूंचे टोमणे झाले, दोन भाऊबिजा ओवाळल्याशिवाय गेल्या. मी हलले नाही, फक्त झोप गेली.

आता ते 'लगेच आडवं व्हायचं'. हे वाक्य कुठल्या बाईसाठी लिहिलं जातं, ते मला एकदा बघायचंय. मी वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपमध्ये सुटे भाग मोजून पास करते. कंपनीची बस सोडते तेव्हा आठ वाजून गेलेले असतात. मग स्वयंपाक, जेवणं, मग ओटा. गोळी चढायला अर्धा तास लागतो हे मला दोन दिवसांत कळलं, आणि अर्धा तास फुकट घालवणाऱ्यातली मी नाही. आधी गोळी घ्यायची आणि ती चढेपर्यंत ओटा पुसायचा, मटकी भिजवायची, सकाळची कणीक मळून ठेवायची, असा मी हिशोब बसवला. या हुशारीचा मला अभिमानही वाटत होता.

झोप लागायला लागली, हे खरं. पण सकाळी तोंड असं कडू, जणू रात्रभर तांब्याचं नाणं चघळलंय. चहा कडू, पाणीसुद्धा कडू. एकदा मटकीऐवजी साबुदाणा भिजवलेला निघाला. कणकेच्या डब्यात चहाची गाळणी सापडली. वर्कशॉपमध्ये एक अख्खा खोका कमी मापाचा असताना मी पास केला. एकोणतीस वर्षांत असं झालं नव्हतं. सुपरवायझर, माझ्या मुलीच्या वयाचा, म्हणाला, "मॅडम, झोप नाही झाली का?" झोप झाली होती, तोच तर त्रास होता. दवाखान्यात फोन केला तर रिसेप्शनवरची बाई म्हणाली, "दहा दिवस थांबा, सवय होते."

सवय घरच्यांना झाली. एका सकाळी मुलगी गळ्यात पडली, गोव्याला जायला परवानगी दिल्याबद्दल. मी कधी दिली? "काल दिलीस ना, ओटा पुसता पुसता." मला त्यातलं अक्षर आठवत नव्हतं. नवरा खो खो हसला. "काही हवं असेल तर दहानंतर माग, आई तेव्हा हो म्हणते." मग तो घरातला विनोदच झाला. नवीन टीव्हीचा होकारही असाच दहानंतरचा. मीही हसले होते, आणि त्या हसण्याचा राग मला आजही येतो. बाई गोळी घेऊन गोड झाली, तर तिला कुणी डॉक्टरकडे परत नेत नाही.

मग एका शनिवारी भावाचा फोन आला. दोन वर्षांत पहिल्यांदा आवाजात साखर. "ताई, सोमवारी अकराला रजिस्ट्रार ऑफिस. आधार आण."

"कशाला?"

"हक्कसोड. आईला तू हो म्हणालीस ना. ती तर सामान बांधतेय."

मी फोन ठेवला आणि नवऱ्याला विचारलं, "आईचा फोन आला होता?"

"आलेला की, मंगळवारी. तू ओट्याशी होतीस, मीच स्पीकरवर टाकून दिला."

"काय बोलले मी?"

त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला. "त्या म्हणाल्या, सारखा मागे लागलाय गं तो, जाऊ का मी? तू म्हणालीस, जा. मला झोपू दे."

"मी गोळी घेतली होती, माहीत होतं तुम्हाला."

"हो, पण मला वाटलं, सुटलीस एकदाची. किती तळमळतेस दोन वर्षं. आणि बोललीस तर तूच ना?"

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. ते मला शब्दन् शब्द आठवतं, एवढंच सांगते.

तशीच कळव्याला गेले. दार उघडंच होतं. पितळेची भांडी गोणीत बांधलेली, गाद्यांची वळकटी झालेली. शेगडी तिनं शेजारणीला देऊन टाकली होती आणि तीन दिवस त्या शेजारणीकडचंच ताट येत होतं. मला बघून ती म्हणाली, "बरं झालं आलीस. ती मोठी परात तू घेऊन जा."

माझा पारा तिच्यावरच चढला. "रात्री दहाला फोन कशाला करायचा?"

"तू दमून येतेस, स्वयंपाक करतेस. म्हटलं, सगळं आवरल्यावर करावा."

मी तिला सगळं सांगितलं. गोळी, ओटा, साबुदाणा, गोवा. ते 'जा' मी म्हणालेच नाही, ते औषध बोललं, माझं तोंड फक्त वापरलं गेलं, असं मोठमोठ्यानं सांगत राहिले. गोळी बंद करणार, सोमवारी कुठेही जाणार नाही, तूही जायचं नाहीस. सांगताना रडतही होते, आणि रडतेय याचाही राग येत होता. ती वळकटीवर बसून ऐकत होती.

"म्हणजे सही नाही?"

"नाही."

ती उठली, शेजारी गेली आणि शेगडी उचलून घेऊन आली. मी धरायला गेले तर नको म्हणाली. नळी जोडली, काडी ओढून बघितली, चहाचं आधण ठेवलं. मग माझ्याकडे पाठ असतानाच तिनं विचारलं, "पण त्या दिवशी झोप लागली ना गं तुला?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण लागली होती. दोन वर्षांत लागली नव्हती इतकी गाढ.