माझा बाप जिवंत आहे

"वडील गेले ना रे तुझे? फार वाईट झालं," असं म्हणत साहेबांनी सगळ्या गोदामासमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला.

माझा बाप जिवंत आहे. संगमेश्वरला असतो. आदल्याच दिवशी फोनवर माझ्याशी भांडला होता. बाप गेला होता सलीमचा. राजापूरचा सलीम. माझ्या शेजारीच उभा होता, मान खाली घालून.

मी म्हणालो, "थँक्यू सर."

हो, हेच म्हणालो. सांगायला लाज वाटते. साहेबाचं चुकलं तरी चुकलं म्हणायचं नाही, ही सवय हाडात मुरलेली.

साहेब मराठीच. पुण्याचे. राहायला इथे आखातात, अल् खुवैरला. त्यांच्या घरच्या गणपतीत नऊ वर्षं मी खुर्च्या मांडल्यात. सलीम माझ्यापेक्षा वीतभर बुटका, घारा, दाढीवाला. मी उंच, काळा, मला मिशी. रुसैलच्या आमच्या गेटवर हजेरीचं मशीन आहे. तोंड समोर धरलं की नाव दाखवतं. एकदाही चुकलं नाही. माणूस चुकला.

दोन दिवसांनी ऑफिसातून कागद आला. वडील वारल्याबद्दल पंधरा दिवसांची रजा. माझ्या नावावर. आणि सलीमचा रजेचा अर्ज परत. कामाच्या एका लाइनीतून एका वेळी एकच माणूस रजेवर सुटतो, असा नियम. दफन तर त्याला मिळालंच नव्हतं. निदान चाळिसाव्याला, चाळिसाव्या दिवसाच्या दुव्याला, पोचायचं होतं त्याला.

आम्ही दोघं केबिनमध्ये गेलो. साहेबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. हसले.

"हेल्मेट घातलं की तुम्ही सगळे सारखेच दिसता, यार. आता एंट्री झाली. तू जाऊन ये. याचं पुढच्या महिन्यात बघू, इन्शाल्ला."

ते हसणं अंगाला चटका लावून गेलं. मी हेल्मेट काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं. कागद त्यावर ठेवला.

"माझा बाप जिवंत आहे सर. मेलेला बाप याचा आहे. ही रजा मी घेणार नाही."

"मग राहू दे. दोघांचंही खलास."

झालंही तसंच. मला वॉर्निंग लेटर. सलीमच्या बापाचा चाळिसावा सलीमशिवाय झाला. त्या दिवशी तो खोके उचलत होता. मी पाणी घेऊन गेलो. त्याने घेतलं नाही.

"तवाच बोलला असतास तर, भाई," एवढंच म्हणाला. त्यानंतर बसमध्ये तो माझ्या शेजारी बसत नाही. त्याचं काहीही चुकलेलं नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. आमच्या लाइनीत दोन बांगलादेशी आहेत. वर्षभर मी दोघांनाही "ए बंगाली" म्हणत आलो. केबिनमधून बाहेर पडताना ते समोर आले आणि यातला कोण कोणता, ते मला सांगता येईना. साहेब माझ्यातही बसला होता. एक रफीक, एक जमाल. दुसऱ्याच दिवशी विचारून घेतलं. रफीकच्या भुवईवर व्रण आहे. वर्षभर तो तिथेच होता.

कॉन्ट्रॅक्ट कुणाचं वाढवलं, त्याची नवी यादी लागेल. त्यात माझं नाव नसणार, हे मला स्पष्ट दिसतंय. नसू दे. तोवर रोज साहेब आले की मी हेल्मेट काढून उभा राहतो. माझं नाव सांगतो, बापाचं नाव सांगतो, बाप जिवंत आहे हेही सांगतो. ते चिडतात. चिडू देत. दुसऱ्याच्या नावाने मारलेल्या हाकेला मी आता ओ देणार नाही.

आणि दुसऱ्याचा मेलेला बाप, थँक्यू म्हणून, कधीच घेणार नाही.