जावईबापूंची प्रॉपर्टी

जावईबापू,

हे पत्र तुम्हालाच आहे, पण तुम्ही ते शेवटपर्यंत वाचणार नाही हे मला ठाऊक आहे. 'तुम्ही असं केलंत, तुम्ही तसं केलंत' सुरू झालं की तुमचं डोकं दुखायला लागतं. म्हणून तुमची हकीकत तिऱ्हाइताची म्हणून सांगते. परक्यांच्या भानगडी तुम्ही चवीने वाचता.

तर एक गृहस्थ होते. सासूसासरे केव्हाच गेले, सासुरवाडी उरली ती एका थोरल्या मेहुणीपुरती, तरी हे आपले जावईबापूच. कोणी खुर्ची पुढे केल्याशिवाय टेकायचे नाहीत. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ते वेबसाइटची पानं बनवायचे. फोनवर बोलायला लागले की अर्धी गल्ली ऐकायची: "अहो, ती प्रॉपर्टी रिकामी पडलीय. तिला आधी व्हॅल्यू द्या. व्हॅल्यूच नाही तर दाखवायचं काय?" तळमजल्यावरच्या पेन्शनरने एकदा त्यांना जिन्यात गाठलं आणि अजिजीने विचारलं, "आमच्यासाठी बघाल का एखादी? दोन खोल्या चालतील." जावईबापूंना तो अपमान वाटला. जन्म भाड्याच्या घरात काढलेल्या माणसाला वाटायचाच.

त्यांची विद्या काही फार अवघड नाही. पानाचा एक साचा असतो. त्यात जागोजागी टॅग नावाच्या खुणा ठेवायच्या. एक टॅग म्हणतो, अमक्या प्रॉपर्टीत जे असेल ते इथे दाखव. दुसरा म्हणतो, इथे चौकट काढ आणि माणसं जे लिहितील ते तमक्या प्रॉपर्टीत टाक. प्रॉपर्टी म्हणजे नुसता कप्पा हो. कशात नाव, कशात पत्ता. कुठला कप्पा कशासाठी हे ध्यानात ठेवायचं, एवढीच अक्कल लागते. जावईबापू मात्र हे सगळं अशा थाटात सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, बिचारे मेंदूची शस्त्रक्रिया करून आलेत.

त्यांची बायको, म्हणजे थोरलीची धाकटी बहीण, शिवणकाम करायची. वर्षानुवर्षं दुकानांसाठी कॉलर शिवून तिची मान आखडली होती. घरी क्लास काढावा तर मशीनच्या टकटकीने जावईबापूंचं लक्ष उडतं. शेवटी वस्तीच्या सभागृहाने सकाळची एक खोली द्यायचं कबूल केलं. बेतायला लांबलचक टेबल, मोठी खिडकी, दारावर शिकवणारीच्या नावाची पाटी. धाकटी ती खोली पाहून आली आणि त्या दिवशी स्वयंपाक करताना गुणगुणत होती. मॅनेजरची अट एकच होती. क्लासचं पान हवं, समिती ते बघून खोली देणार. त्याच खोलीवर कराटेवाल्यांचाही डोळा होता.

"पान करून द्याल का?" तिने नवऱ्याला विचारलं.

"हा तर माझ्या डाव्या हाताचा मळ."

उजव्या हाताचा निघालेला कोणी पाहिला नव्हता. पण पान झालं. त्यात उघडझाप करणारी कातर होती, रंगीत रिळं होती, तळाशी ठळक अक्षरांत जावईबापूंचं स्वतःचं नाव होतं. वर 'शिकवणार' असं लिहून त्यापुढे धाकटीचं नाव. खाली क्लासला येणाऱ्यांनी आपलं नाव लिहायची चौकट. आणि या दोन्ही जागा जावईबापूंनी एकाच प्रॉपर्टीला जोडल्या होत्या. प्रॉपर्टीचं नाव काय, तर 'नाव'. खाली कोणीही काही लिहिलं की वरची शिकवणारी बदलली.

पहिला फोन एका निवृत्त नर्सबाईंचा आला. "अहो, मला धड काज करता येत नाही, आणि तुमच्या पानावर मीच शिकवणार म्हणून उभी आहे."

धाकटीला हसू आलं. मग येईनासं झालं. जेवताना तिने विषय काढला.

"टॅग बरोबर आहेत," जावईबापू ताटातून मान वर न करता म्हणाले. "बाईंनी भलतंच काहीतरी दाबलं असेल."

"त्यांनी त्यांचं नाव लिहिलं, बस."

"तेच म्हणतो मी. बायकांपुढे एक चौकट ठेवली की..."

"पण माझं नाव गेलं ना तिथून."

"नाव कुठे पळून जातंय? बघू सुट्टीच्या दिवशी."

"समिती सोमवारी बघणार आहे."

"समिती म्हणजे काय हायकोर्ट लागून गेलं?"

सुट्टीच्या दिवशी घरी कचेरीतले दोघे आले. जावईबापूंनी त्यांना कातर उघडताना दाखवली, मिटताना दाखवली. चहा धाकटीने केला. पाहुणे गेल्यावर जावईबापू आडवे झाले, ते दिवेलागणीलाच उठले, आणि उठले तेव्हा टीव्हीवर सामना होता.

त्या संध्याकाळी कोणा बाईने पान उघडलं. क्लासला यावं की नाही हे तिचं ठरत नव्हतं, म्हणून नावाच्या चौकटीत तिने लिहिलं, 'नंतर कळवते'.

सोमवारी समितीपुढे पान उघडलं. शिकवणार: नंतर कळवते.

धाकटी गेली तोवर खोलीत चटया अंथरून झाल्या होत्या. "बाई, मी काय करू?" मॅनेजर म्हणाला. "शिकवणार कोण हे तुमचंच ठरलेलं नाही, असं तुम्हीच लिहिलंय. पान केलं कोणी?"

"घरातच केलं," ती म्हणाली.

घरी येऊन तिने खोली गेल्याचं सांगितलं. जावईबापू म्हणाले, "मग हे आधी नाही का सांगायचं?"

यावर ती भांडली असती तर थोरलीला बरं वाटलं असतं. ती भांडली नाही. तिने मशीनवर चादर बांधली, टेम्पो बोलावला आणि थोरलीकडे आली. थोरलीचं जेवणाचं टेबल लांब आहे आणि थोरलीला टकटकीचा त्रास होत नाही. क्लास तिथेच सुरू झाला. नर्सबाई पहिल्या दिवसापासून येतात. त्यांचा मुंढा अजून वाकडाच कापला जातो.

बरेच दिवस गेले आणि जावईबापू आले. कोणी खुर्ची पुढे केली नाही. उभ्यानेच म्हणाले, "ताई, पान दुरुस्त केलंय. दोन वेगळ्या प्रॉपर्टी केल्या. शिकवणारीचं नाव वेगळं, शिकणारीचं वेगळं."

"बरं."

"तिला सांगाल का?"

"आतच आहे. जाऊन सांगा."

"नको, आत बायका आहेत. तुम्ही सांगितलंत तर बरं पडेल. म्हणावं, आता काही केल्या तिचं नाव जात नाही. मी वाट्टेल ती नावं घालून पाहिली. आणि एवढंच सांगा की..." पुढचं त्यांना जमेना. चष्मा पुसत राहिले.

"एवढंच ना? सांगते," थोरली म्हणाली. ते गेले.

धाकटी गळ्यात टेप अडकवून बाहेर आली. "ताई, टाचण्यांची डबी कुठे ठेवलीस गं?"

थोरलीने तिला डबी काढून दिली. निरोप तेवढा राहिला.