कानेशची बंद पाकिटं

माझ्या बायकोचं एक पत्र मी अकरा आठवडे उघडलं नाही. उघडलं नाही, आणि तरी त्याचं उत्तर पाठवलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता पन्नाशी उलटली, आई गेली, विचारणारं कुणी उरलं नाही, म्हणून सांगतोय. म्हणजे यातही धाडस असं काही नाहीच.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. मी सिएटलजवळ एम.एस. करत होतो. बॉथेलला दोन मराठी मुलांबरोबर अपार्टमेंटमध्ये राहायचो आणि बसने विद्यापीठात जायचो. लग्नाला पाच महिने झाले असताना मी अकोल्याहून निघालो होतो. बायको माझ्या आईजवळ राहिली. "पहिलं सेमिस्टर संपलं की बोलावून घेतो," असं मी तिला स्टेशनवर म्हणालो होतो. पहिलं संपलं, तिसरंही संपलं.

विद्यापीठात मला एक काम मिळालं होतं. साठीच्या एक तुर्की बाई जुनी पत्रं वाचायच्या, आणि त्या पत्रांची यादी मी कार्डांवरून कॉम्प्युटरवर चढवायची, असं ते काम. बाई कायसेरीच्या. त्यांच्या गावापासून वीसेक किलोमीटरवर एक टेकाड आहे, आणि त्या टेकाडाखाली कानेश नावाचं व्यापारी शहर होतं. चार हजार वर्षांपूर्वी आजच्या इराकमधून व्यापारी गाढवांवर कथील आणि कापड लादून दीड महिना चालत तिथे यायचे, तिथेच पेढ्या थाटून वर्षानुवर्षं राहायचे. बायका मागे, आपल्या गावी. त्या घरी मागावर कापड विणायच्या, नवऱ्याकडे पाठवायच्या आणि सोबत पत्र द्यायच्या. मातीच्या पाटीवर, हाताच्या तळव्यात मावेल एवढं. शहराला आग लागली आणि माणसांचं सगळं जळून गेलं, पण ती पत्रं राहिली. माती भाजून उलट पक्कीच झाली.

"काय लिहायच्या बायका?" मी पहिल्या आठवड्यात विचारलं होतं.

"घरात धान्य नाही. सासू बोलते. मुलगी मोठी झाली. कधी येणार?"

"आणि नवरे?"

"कापड पोचलं. पुढचं जरा पातळ विण." बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "ती कशी आहे, ते कुणी विचारत नाही. आमच्या गावचे पुरुष तेव्हापासूनच असे आहेत, मुला."

गावाबद्दल त्या अशाच बोलायच्या, शिव्या देत आणि माया करत. वडिलांचं कायसेरीच्या जुन्या बाजारात गालिच्यांचं दुकान. गिऱ्हाईक उंबऱ्यात दिसलं की आधी चहा, मग आईबापांची चौकशी, आणि किमतीची गोष्ट सगळ्यात शेवटी. "सगळा देश म्हणतो, कायसेरीच्या माणसाने चोरलेलं गाढव रंगवलं आणि मालकालाच परत विकलं," त्या सांगायच्या. "साफ खोटं आहे. मालकाच्या भावाला विकलं होतं." आता तिथे चार-पाच मजली इमारती झाल्यात, फर्निचरचे कारखाने निघालेत, बर्फाचा डोंगर तेवढा गच्चीवरून पूर्वीसारखाच दिसतो. उन्हाळ्यात जर्मन नंबरप्लेटच्या गाड्या गावात शिरतात. त्यांच्या मावशीचा नवरा जर्मनीत कारखान्यात होता. दर उन्हाळ्यात यायचा, गाडी धुवायचा, महिन्याने जायचा. मावशी घरी मागावर बसून व्यापाऱ्यांसाठी गालिचे विणायची. "नेतो, नेतो म्हणता म्हणता तिचे गुडघे गेले," बाई म्हणाल्या. मी कार्डावरचा नंबर टाइप करत राहिलो.

त्या हिवाळ्यात बायकोने इकडे येणाऱ्या एकाबरोबर स्वेटर पाठवला होता. अकोल्याच्या उन्हात तिला लोकरीचं काय माहीत! पुस्तकात बघून शिकली होती. सोबत डब्यात मेथीचे लाडू. प्रवासात डबा फुटला असावा, स्वेटरला मेथीचा वास भरला होता.

माझा नागपूरचा रूममेट ओरडला, "काय बे, हा स्वेटर आहे की मेथीची जुडी?"

पुण्याचा म्हणाला, "यार, हा घालून लॅबमध्ये जा तू. तुझा गाईड तुला लगेच डिग्री देऊन टाकेल."

मी पण हसलो. मग स्वेटर तीनदा धुतला. आणि पत्रात लिहिलं, 'स्वेटर मिळाला. बाह्या थोड्या लांब झाल्यात.' दुसरं काही सुचलं नाही, असं नाही. सुचवून घेतलं नाही.

दुसरी कुणी बाई नव्हती. असती तर निदान सांगायला एक कारण तरी असतं. मला एकटं राहणं आवडायला लागलं होतं, एवढंच. शिवाय ती बारावी झालेली, इंग्रजी बोलायला बुजणारी. तिला या मित्रांत, या पार्ट्यांत आणायची मला लाज वाटत होती. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

तिच्या प्रत्येक पत्रात शेवटी तेच असायचं, कधी नेणार? मग मी तिची पत्रं उघडणंच सोडलं. ड्रॉवरमध्ये टाकायचो. फेब्रुवारीत एक जाडजूड पाकीट आलं. मला वाटलं, बाह्यांवरून रुसून सगळं गाऱ्हाणं लिहिलंय. तेही ड्रॉवरमध्ये गेलं. पण तिने वाट बघायला नको, म्हणून दुसऱ्या दिवशी एरोग्राम टाकला. 'तुझं पत्र मिळालं. वाचून बरं वाटलं. सध्या परीक्षा आहेत. तू लिहितेस तसंच करू. आईची काळजी घे.'

त्याच सुमारास कामात बंद पाकिटांचा गठ्ठा आला. म्हणजे त्यांचे फोटो. कानेशची पत्रं मातीच्याच पाकिटात घालायचे, वर नाव आणि शिक्का. आतलं वाचायचं तर पाकीट फोडावं लागे. काही कुणी कधीच फोडली नाहीत. मी यादीत त्यांच्यासाठी वेगळा रकाना केला, 'न उघडलेले'.

"एवढ्या लांबून आलेलं पत्र उघडलं का नसेल?" मी विचारलं. हे विचारताना मला माझा ड्रॉवर आठवला नाही. खरंच नाही आठवला.

"आग लागली असेल. माणूस मेला असेल," बाई म्हणाल्या. "किंवा बायकोचं असेल." आणि स्वतःच खळखळून हसल्या.

एप्रिलअखेर एका दुपारी त्यांनी जेवणाचा डबा उघडला आणि मी खुर्चीतून उठलोच. खोलीभर मेथी. त्यांच्या गावी मांसाला मेथीच्या पिठाचा लेप देऊन ते वाळवतात. घरच्या आठवणीने त्यांनी इथे फ्लॅटमध्येच तो घाट घातला होता.

"वास सहन होत नाही?" त्या ओशाळून झाकण लावू लागल्या. "आमची मुलं पण पळतात."

"नाही. ओळखीचा आहे," मी म्हणालो. "माझी बायको घालते लाडवात."

"तुझं लग्न झालंय?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. दीड वर्ष मी त्यांच्यासमोर बसत होतो. "मग ती आहे कुठे?"

मी बस पकडून बॉथेलला आलो. पाऊस होता. भर दुपारी अपार्टमेंटमध्ये कुणी नव्हतं. ड्रॉवर उघडून ते जाड पाकीट फाडलं.

गाऱ्हाणं नव्हतं. चार पासपोर्ट फोटो होते, तिच्या नव्या पासपोर्टच्या पानाची झेरॉक्स होती आणि एकच कागद. पासपोर्ट तिने स्वतः खेटे घालून काढला होता. लिहिलं होतं, 'व्हिसासाठी तुमच्या विद्यापीठाचं पत्र लागतं, अशी चौकशी केली आहे. ते माझ्या मामांच्या गिरगावच्या पत्त्यावर पाठवावं. मी गुढीपाडव्यानंतर तिथे जाऊन थांबते. इंग्रजी बोलण्याचा क्लास लावला आहे. आणि मी यायला नको असेल, तर तसं स्पष्ट लिहा. मी वाईट वाटून घेणार नाही, पुन्हा विचारणार नाही.'

आणि मी तिला लिहिलं होतं, तू लिहितेस तसंच करू.

आईच्या मागच्याच पत्रात एक ओळ होती. सूनबाई मामांकडे अठरा दिवस राहून आली, काही बोलत नाही. मला वाटलं होतं, हवापालटाला गेली असेल.

दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, "बायकोची बातमी चांगली आहे ना?"

"हो," मी म्हणालो. "छान आहे."

विद्यापीठाचं ते पत्र एका अर्जाचं काम होतं. मी अर्ज आणला. भरलाही. पण सोबत काय लिहायचं? पाकीट उघडलं नव्हतं, हे लिहायचं? आज लिहू, उद्या लिहू, असं करता करता उन्हाळा संपला. तिचं पत्र पुन्हा आलं नाही. तिने शब्द पाळला.

दीड वर्षाने मी अकोल्याला गेलो तेव्हा ती माहेरी होती. विणकामाचा क्लास घेत होती. पुढच्या खोलीत सतरंजीवर लोकरीचे गुंडे पडले होते. तिने पाणी आणून दिलं. संमतीने वेगळं व्हायचं, हे मोठ्यांनी आधीच ठरवलं होतं. आम्हाला बोलायला पाच मिनिटं दिली होती.

"एकच विचारते," ती म्हणाली. "माझं ते पत्र वाचलं होतं ना तुम्ही? फोटोंचं?"

तिला काय ऐकायचं होतं, ते मला दिसत होतं. वाचूनही कागद पाठवला नाही म्हणजे नकोच म्हणाला, निदान तिच्या प्रश्नाला उत्तर तरी मिळालं, एवढ्यावर तिने मामांकडे वाट बघत काढलेले ते अठरा दिवस कसेबसे पचवले होते. मी उघडलंच नव्हतं, म्हटलं असतं तर तेही गेलं असतं. असं मी स्वतःला अनेक वर्षं सांगितलं. खरं म्हणजे मला लाज वाटली.

"हो," मी म्हणालो. "वाचलं होतं."

तिने मान हलवली. माझ्या हातातला रिकामा पेला घेतला आणि आत गेली.