सहाव्या आठवड्यातले सर

“आधी मुळापासून घेऊया,” असं सर म्हणाले की मी घड्याळ बघायचे. हे मूळ म्हणजे दाताचं नव्हे. आईच्या पोटातला सहावा आठवडा.

गर्भात दात आणि लाळेच्या ग्रंथी कशा घडतात, हे त्यांनी आम्हाला डेंटल कॉलेजात शिकवलं. मी गोव्यात डिचोलीला दवाखाना थाटला आणि सर निवृत्त होऊन नेमके माझ्याच गल्लीत राहायला आले. पेपर वाचायच्या निमित्ताने रोज सकाळी हजर. मग बाकावरच्या पेशंटांचा वर्ग भरायचा.

एकदा मोप्याच्या विमानतळावरचा टॅक्सीवाला गाल धरून आला. भूल चढायची मी वाट पाहत होते, तेवढ्यात सर आत.

“तुझी ही दाढ कधी धरली, ठाऊक आहे? तू जन्मायच्याही आधी.”

तोंड उघडं असल्यामुळे त्याला काही बोलता येत नव्हतं. सरांना असेच श्रोते आवडत.

“सर, मला दाढ काढायची आहे.”

“काढ गो. पण ती आली कुठून, हे त्याला कळू दे.”

तुम्हीच सांगा, अशा माणसाला बाहेर कसं काढायचं? वर मीच त्यांची विद्यार्थिनी.

मग शिरगावहून एक सासू-सून आल्या. मूळच्या सावंतवाडीकडच्या, सुनेचा नवरा खाणीवर ट्रक चालवणारा. तान्ह्या मुलीच्या खालच्या हिरडीवर जन्मतःच दात होता. दात घट्ट होता, बाळ नीट पीत होतं. काढायची गरज नाही, असं मी सांगितलं.

“काढूकच होयो,” सासू म्हणाली. “मामाच्या मुळावर इलो हा. हिना गिराणात इळी धरल्यान, म्हणान ह्या झाला.”

सून खाली बघत होती. हे तिने बरेच दिवस ऐकलेलं दिसत होतं.

सर उठले. “मुळापासून घेऊया.”

मी कपाळाला हात लावला. बाहेर रांग लागली होती. सरांनी पेपरच्या कोऱ्या कडेवर हिरडीची पट्टी काढली, तिला अंकुर काढला. सासू आ वासून बघत राहिली.

“ग्रहण कधी होतं?” सरांनी विचारलं.

“सातव्या म्हयन्यात.”

“दाताचा अंकुर दुसऱ्या महिन्यात धरतो. हिचा जरा वर धरला, म्हणून लवकर दिसला. तेव्हा सुनेला दिवस गेलेत, हे तुम्हाला तरी ठाऊक होतं? मग विळीचा काय संबंध?”

सून रडायला लागली. सासूने बाळ आपल्या मांडीवर घेतलं आणि म्हणाली, “तर मगे रवांदे तो दात.”

गेल्या वर्षी सरांना तोंडाचा कॅन्सर झाला. ते पेडण्याच्या आपल्या घरी गेले. आमची शेवटची भेट तिथल्या सोप्यावर, पुढच्या ओसरीत झाली. किरणोपचारांनी लाळ आटली होती. दोन वाक्यांमागे एक घोट पाणी लागत होतं. तरी सुरूच.

“कोंब आत शिरतो. त्याला फांद्या. फांद्यांना आणखी फांद्या. तेव्हा कुठे लाळेची ग्रंथी होते. किती खटपट बघ.”

“सर, बोलू नका. त्रास होतो.”

“त्रास तुला होतो.”

होतच होता. घड्याळ बघून मी दोनदा पर्स उचलली. त्यांचा ग्लास रिकामा झाला. मी आत जाऊन तो भरून आणला, आणि खुर्ची जवळ ओढून पुन्हा बसले.