टिकलीएवढा थेंब आणि वत्सलाताई

डॉ. वत्सलाताईंची आणि माझी पहिली भेट माझ्या बोटावर झाली, असे म्हटले तर ताई हसतील. पण ते खरे आहे. भंडाऱ्याच्या महाविद्यालयात ताई जीवरसायनशास्त्र शिकवत आणि मी पहिल्या वर्षाला होते. प्रात्यक्षिकाच्या तासाला स्वतःच्या बोटातून रक्ताचा थेंब काढायचा होता. मला रक्ताची भीती. कसेबसे टोचून घेतले, पण थेंब येईना, म्हणून मी बोट जीव खाऊन दाबत होते. ताई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. माझा हात धरून त्यांनी खाली सोडला आणि म्हणाल्या, "दाबू नको. दाबून काढलेलं रक्त खरं बोलत नाही. हात खाली राहू दे, येईल ते आपण होऊन."

आणि आले.

ताईंच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात लिहायला मिळते आहे, याचा आनंद इतका आहे की काय सांगू आणि काय गाळू, हे कळेनासे झाले आहे. वर्गातल्या ताईंबद्दल इतर विद्यार्थी लिहितीलच. मी लिहिणार आहे ते त्यांच्या निवृत्तीनंतरच्या कामाबद्दल, कारण त्या कामात त्यांच्या पिशव्या उचलायचे भाग्य मला मिळाले.

मी तुमसरला शिकवत होते. एके दिवशी ताईंचा फोन आला. "तुझे रविवार मोकळे असतात का? एक वेडं काम काढलंय." ते वेडे काम म्हणजे लोकांच्या घरीच घेतलेल्या रक्तावरून 'ड' जीवनसत्त्व मोजणे. एरवी या तपासणीसाठी शहरात जायचे, दंडाची नस शोधून रक्त द्यायचे. खेड्यातल्या बाईचा त्यात अख्खा दिवस जातो, म्हणून ती जातच नाही. ताईंच्या पद्धतीत घरी बसून बोटाला टोचायचे, टीपकागदासारख्या जाड कार्डावर छापलेल्या गोलांत थेंब पडू द्यायचे, कार्ड सुकले की पाकिटात घालायचे. पुढचे मोजमाप नागपूरच्या एका प्रयोगशाळेतले यंत्र करी. थेंब केवढा हवा, हे सांगायला ताईंनी मोजपट्टी कधी काढली नाही. "मोठ्या टिकलीएवढा," एवढेच सांगत, आणि एकही बाई चुकत नसे.

पण हे खरोखर जमते का, हे आधी पाहायला हवे होते. ताईंनी आम्हा ओळखीच्यांचे नसेतले रक्तही घेतले आणि बोटाचे थेंबही घेतले, आणि दोन्ही तपासायला पाठवले. निकाल आले त्या दिवशी त्यांनी मला भंडाऱ्याच्या बसस्टँडवरच गाठले. दोन्ही आकडे जवळजवळ हातात हात घालून चालत होते. बंद छत्रीच्या टोकाने फरशीवर रेघा ओढून ताई मला ते समजावत होत्या. मागे उभ्या बायका आपल्या एसटीऐवजी आमच्याकडे पाहत होत्या. तुमसरची गाडी आली, भरली, गेली. "जाऊ दे गं, दुसरी येईल," ताई म्हणाल्या. "हे पुन्हा पहिल्यांदा थोडंच घडणार आहे?" सत्तरीकडे झुकलेल्या बाईंचा चेहरा मी असा उजळलेला पाहिला आणि मनात म्हटले, आपल्यालाही असेच म्हातारे होता यावे.

त्या छत्रीबद्दल सांगायला हवे. ताई बारा महिने छत्री घेऊन फिरतात. तिचे काम पुढे येणार आहे.

काम पसरत आंधळगावच्या विणकरांच्या गल्लीत पोचले. भाताच्या रोवणीच्या बाया दिवसभर उन्हात असतात. मागावरच्या बाया दिवसभर घरात. ताईंना त्यांचीच काळजी होती. तिथे रंजना भेटली. तिशीतली सून, खड्ड्यात पाय सोडून बसायच्या मागावर कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, कापड विणणारी. मांड्या आणि कंबर इतकी दुखे की पायाखालच्या पट्ट्या दाबताना तिच्या डोळ्यांत पाणी येई. एकदा तिला शहरात रक्त द्यायला नेले, तर नस सापडेना आणि ती घेरी येऊन पडली. तेव्हापासून घरात तिच्या दुखण्याला नाटक म्हणू लागले. मागावर धाकट्या सुनेला बसवायचे आणि रंजनाला माहेरी पाठवायचे, असे बोलणे चालले होते. "बरी झाली का घेऊन येऊ," असे सगळे म्हणत; कधी, ते कोणी म्हणत नव्हते.

"आमी बी याच मागावर जलम काढला, बाई," तिच्या सासूबाई गिरजाबाई ताईंना म्हणाल्या. "आमचे पाय नाही दुखले. आजकालच्या पोरीइचं दुखनंच लय."

"मावशी, दुखणं तुमचंही मोजू आणि तिचंही," ताई म्हणाल्या. "मग भांडा."

गल्लीत कार्डे वाटली, टोचायचे कसे ते दाखवले, सुकू द्या म्हणून सांगितले आणि आम्ही परतलो. आठवड्याभराने पाकिटे आली. ताईंनी ती टेबलावर उघडली. कार्डांचे कोपरे वळलेले, थेंब करपल्यासारखे तपकिरी, आणि रंजनाच्या कार्डाला कोशाचा एक सोनेरी धागा चिकटलेला. ताईंनी सगळा गठ्ठा बाजूला ठेवला. मी म्हटले, "यातली काही तरी चालतील की." ताईंनी माझ्याकडे पाहिले. "आणि हिचा आकडा चुकून चांगला आला तर? माझ्याच कागदानं हिला घराबाहेर काढलं, असं होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही आंधळगावला. गल्लीभर ताणा पसरला होता. उभे सूत खळ लावून ओले करायचे, रस्त्यावर ताणून उन्हात वाळवायचे, हे तिथल्या सकाळचे काम. पुरुष दोन्ही अंगांनी ब्रश फिरवत होते; सुनांनी गल्लीत उभे राहायचे नाही, ही रीत. त्या ताण्यावर एका शेजाऱ्याचे उशिरा केलेले कार्ड आरामात ऊन खात पडले होते.

"उन्हात काहून ठेवलं?" ताईंनी विचारले.

"ओलं होतं ना, बाई," शेजारी म्हणाला. "ओलं असलं का आमी उनातच टाकतो."

"आन तुमीच तं म्हनलं," दारातून कोणी बाई बोलली, "उनानं डी वाढते म्हनून. मंग कार्डालेच ऊन दाखवलं. बसल्याबसल्या वाढून जाईन."

गल्ली हसली, ताई सगळ्यांत जास्त हसल्या. मग म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी 'सुकू द्या' एवढंच म्हटलं, सावलीत म्हटलंच नाही. विणकराच्या घरी सुकवायचं म्हणजे उन्हात, हे मला कळायला हवं होतं. आता पुन्हा टोचावं लागेल. पहिलं माझं बोट टोचते." आणि टोचलेही. मग कुरकुर फारशी झाली नाही.

रंजनाच्या घरी ताईंनी पिशवीतून थर्मास काढला. "आज तरी च्या पाजा, बाई," गिरजाबाई म्हणाल्या. "दर खेपेले थरमास घेऊन येता, एकट्याच पेता."

"चहा नाही मावशी, गरम पाणी आहे. बोटं गार असली की रक्त येत नाही." ताईंनी रुमाल त्या पाण्यात भिजवून पिळला आणि रंजनाचे दोन्ही हात त्यात धरून बसल्या. किती तरी वेळ. रक्तासाठी धरले होते. पण रंजनाकडे पाहता, त्या घरात तिचे हात असे कोणी धरल्याला बरेच दिवस झाले असावेत.

थेंब सुरेख आले. आता कार्ड सावलीत कुठे ठेवायचे? गिरजाबाई स्वतः जागा शोधू लागल्या. ओसरीवर ऊन. मागच्या अंगणात ऊन. चुलीजवळ धूर.

"माह्या मागावर ठेवा ना," रंजना म्हणाली. "तिथं कधीच ऊन येत नाही."

तिने ते सहज सांगितले. जागा विचारली, म्हणून जागा सांगितली. गिरजाबाई कार्ड हातात धरून मागाच्या खड्ड्याशी उभ्या राहिल्या. मग त्यांनी ते विणलेल्या कापडावर अलगद ठेवले.

"किती येळ ठेवा लागते?"

"संध्याकाळपर्यंत," ताई म्हणाल्या.

"हे पोरगी बी तं संध्याकाळपर्यंत इथंच बसते," गिरजाबाई म्हणाल्या. कोणाशी बोलत होत्या, कळले नाही.

परतीच्या एसटीत मी ताईंना म्हटले, "आता आकड्याची गरज काय? त्यांना कळलं की." ताई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "आज कळलं. काम अडलं की विसरतील. आणि रंजनाला 'ड' कमी आहे, हे मला अजून माहीत नाही. तुलाही नाही." ताईंकडून काय शिकलीस, असे कोणी विचारले तर मी हे एक वाक्य सांगते. करुणा पुष्कळांकडे असते. जिच्याबद्दल वाटते, तिच्यासाठीही अंदाज न करता थांबणे मी ताईंकडेच पाहिले.

निकाल आला. आकडा फार खाली होता. तो घेऊन ताई फोनवर न बोलता स्वतः गेल्या आणि गिरजाबाईंच्या शेजारी बसून त्यांना समजावून सांगितला. "पोरगी खरं सांगून रायली होती तं," गिरजाबाई म्हणाल्या. त्यांनीच सुनेला ग्रामीण रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी औषध सुरू केले. माहेरचे बोलणे थांबले. काही महिन्यांनी आम्ही गेलो, तेव्हा सकाळच्या उन्हात ताण्याचे एक टोक धरून गल्लीत रंजना उभी होती. दुसऱ्या टोकाला गिरजाबाई होत्या, आणि रीत काय म्हणते, हे विचारायची कोणाची टाप नव्हती.

आज त्या गल्लीत कार्डे कशी करायची, ते रंजनाच शिकवते. अलीकडे ती ताईंच्या घरी आली होती. तिने सरळ विचारले, "बाई, तुमचं कधी केलं?" ताई म्हणाल्या, "माझं काय, मी तर रोज गावोगाव फिरते." रंजनाने कोपऱ्यातल्या छत्रीकडे पाहिले आणि ताईंचा हात धरून खाली सोडला. "दाबू नका," ती म्हणाली.

ताईंचाही आकडा कमी आला. आयुष्य प्रयोगशाळेत आणि उरलेले छत्रीखाली! ताईंना गोळ्या चालू आहेत, आणि रोज सकाळी आंधळगावहून फोन येतो.

"बाई, उनात बसल्या का?"

"बसले गं."

"छत्री कुठं हाये?"

ताई, तुम्ही आम्हाला खरे मोजायला आणि खरे सांगायला शिकवलेत. तुमची प्रकृती अशीच ठणठणीत राहो, आणि तुमच्या शंभरीपर्यंत हा फोन रोज वाजत राहो. एवढेच मागणे आहे की त्या शेवटच्या प्रश्नाला तुम्ही दर वेळी खरे उत्तर द्यावे, आणि ते उत्तर 'घरात' असे असावे.